मी, नऊ कोटी ऐंशी लाख सतरा हजार नऊशे वीस

मी एक संख्या बोलतेय. नाव लांबलचक आहे आणि वर लिहिलेलंच आहे, तेव्हा पुन्हा घेत नाही. माझी ओळख सवडीनं करून देईन. आधी बाटलीचं सांगते, कारण पहिल्यांदा खटकलं ते तिथेच.

दचकू बसमध्ये खिडकीपाशी बसली होती. दुसऱ्या शहरात तिची नोकरीची मुलाखत होती. सकाळी निघताना सँडलचा पट्टा तुटला, म्हणून तिनं तो घाईघाईत गोंदानं चिकटवला होता. तो थेंबाथेंबानं टाकायचा आणि लागलीच धरणारा गोंद असतो ना, त्यानं. वाटेत पुन्हा सुटला तर असावी, म्हणून बाटली पिशवीत टाकली होती. आणि पट्टा खरंच सुटला. तिनं पिशवीत हात घातला, चाचपडत बाटली शोधली, आणि बोटांना ती मऊ लागली.

गोंदाची बाटली कडक होती. ही दाबली की दबत होती.

काही माणसं असं काही खटकलं की पटकन बघून मोकळी होतात. दचकू आधी पुरेशी घाबरून घेते आणि मग बघते. तिनं डोळे मिटले, बाटली बाहेर काढली, एक डोळा उघडला. बाबांचं डोळ्यात घालायचं औषध.

म्हणजे गोंद घरी राहिला होता. घराखालच्या फोटो स्टुडिओतल्या टेबलावर, बाबांच्या खुर्चीशेजारी, औषधाच्या जागी. तशीच पांढरी, तेवढीच बुटकी, तसंच टोकदार तोंड असलेली बाटली. बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. दुपारची गिऱ्हाइकं गेली की ते चष्मा काढतात, मान मागे टाकतात आणि न बघता हात लांब करून बाटली उचलतात.

दचकूनं पुन्हा डोळे मिटले. आणि तिनं मनातल्या मनात गुणायला सुरुवात केली: अकरा गुणिले बारा, एकशे बत्तीस.

मी जागी झाले.

बस थांबायला अजून अवकाश आहे, तेवढ्यात हे गुणण्याचं प्रकरण काय आहे ते सांगून टाकते.

खरं म्हणजे मला जन्म असा नाहीच. आम्ही संख्या असतोच. कुणी आमच्यापर्यंत पोचलं की त्याच्यापुरत्या जन्मतो, एवढंच. पण मोठी कशी झाले ते मी सांगू शकते. अकरापाशी मी नुसती रांगत होते. बारानं गुणलं, एकशे बत्तीस झाले. तेरानं गुणलं, एक हजार सातशे सोळा. चौदानं गुणल्यावर झाले चोवीस हजार चोवीस, आणि ते माझं सगळ्यात गोंडस वय. अंकात लिहून बघा: मधे एक शून्य आणि दोन्ही बाजूंना चोवीस, चोवीस, जणू कुणी दोन सारख्या वेण्या घालून दिल्यात. पंधरानं गुणलं की तीन लाख साठ हजार तीनशे साठ; तेही बरं दिसतं. सोळापाशी मात्र मी जरा आडमुठी झाले, सत्तावन्न लाख पासष्ट हजार सातशे साठ. ते वय कुणाच्याच लक्षात राहत नाही, माझ्याही. मग सतरानं गुणलं, आणि मी झाले. अकरापासून सतरापर्यंत, ओळीनं सात जण, एकही न वगळता. त्यांचा गुणाकार म्हणजे मी.

अशा रीतीनं वाढलेल्या संख्येचा स्वभाव मनमिळाऊ होतो. एकपासून अठरापर्यंत कुणीही यावं आणि मला भागावं, बाकी शून्य. कुणाच्या ताटात कमी नाही, कुणाच्या ताटात जास्त नाही. मला पूर्ण भागणाऱ्या एकूण संख्या सातशे अडुसष्ट आहेत. एवढा गोतावळा सांभाळते, पण कुरकुर नाही. फक्त एकोणीसशी माझं जमत नाही. तो आला की सतरा उरतात, आणि ते सतरा जण दारात ताटकळत राहतात. असो. सगळ्यांशीच जमलं असतं तर मी शून्य झाले असते.

माझ्या दोन्ही शेजारणी मात्र एकलकोंड्या. एक माझ्याहून एकानं कमी, दुसरी एकानं जास्त. दोनपासून अठरापर्यंत कुणालाही त्या दारात उभं करत नाहीत. त्यांचा दोष नाही. माझ्याकडे सगळे नेमके बसतात, म्हणून त्यांच्याकडे प्रत्येकाचं गणित एकानं चुकतं.

या घरात मी आले ती एका ग्रुप फोटोमुळे.

दचकूचे बाबा फोटोग्राफर. खाली स्टुडिओ, वर घर. दचकू शाळेत जायला लागली होती त्या सुमाराला एका शाळेतले सतरा शिक्षक फोटो काढायला आले. पुढच्या ओळीत खुर्च्या सात, बाकीच्यांनी मागे उभं राहायचं. मुख्याध्यापिका मधे, एवढ्यावर एकमत होतं. मग भूगोलाच्या बाई म्हणाल्या, "मला उभं राहवत नाही हो." त्यावर खेळाचे सर म्हणाले, "काल जिना धावत उतरलात तेव्हा बरं उतरवलं!" चित्रकलेच्या सरांना डावीकडून फोटो नको होता. कुणाला कुणाशेजारी बसायचं नव्हतं, आणि का, ते सगळ्यांना ठाऊक असून कुणी बोलत नव्हतं.

दचकू कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून हे बघत होती. तिनं विचारलं, "बाबा, हे सगळे मिळून किती तऱ्हांनी बसू शकतात?"

बाबांनी कॅमेऱ्यावरचा हात काढला. सतरा शिक्षक ताटकळत असताना त्यांनी गणित मांडलं. पहिल्या खुर्चीवर सतरांपैकी कुणीही. दुसरीवर उरलेल्या सोळांपैकी कुणीही. तिसरीवर पंधरा. असं करत सातव्या खुर्चीसाठी अकरा जण उरतात. सतरा गुणिले सोळा गुणिले पंधरा, खाली अकरापर्यंत.

ते मला येऊन भेटले तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "मंडळी," ते म्हणाले, "तुम्हाला बसायच्या नऊ कोटी ऐंशी लाख सतरा हजार नऊशे वीस तऱ्हा आहेत. सेकंदाला एक फोटो काढला, झोपलो नाही, जेवलो नाही, तरी तीन वर्षांहून जास्त लागतील. तेव्हा आहात तसे बसा."

सगळे मुकाट बसले. भूगोलाच्या बाई उभ्या राहिल्या.

तेव्हापासून बाबांचा माझ्यावर जीव जडला. स्टुडिओसाठी फोन घ्यायचं ठरलं तेव्हा ते टेलिफोन कार्यालयात गेले आणि म्हणाले, "हा नंबर रिकामा आहे का?"

खिडकीमागच्या बाई म्हणाल्या, "लोक सोपा नंबर मागतात. ओळीनं तेच ते अंक असलेला. हा काय मागताय?"

"याच्याहून सोपा कुठला असणार, मॅडम? अकरा ते सतरा गुणायचं, झालं."

बाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं की मलाच कानकोंडं झालं. पण मी रिकामी होते. बाबा मला घेऊन घरी आले, आणि त्यांनी घरात नियम केला: नंबर कुठेही लिहायचा नाही, पाठही करायचा नाही. लागेल तेव्हा गुणून काढायचा. "पाठ केलेलं विसरतं. काढता येणारं विसरत नाही," ते म्हणाले.

आत्या, म्हणजे बाबांची मोठी बहीण, काउंटर सांभाळायची. ती म्हणाली, "आणि गिऱ्हाइकांनी काय करायचं? दारात पाढे म्हणायचे?"

"गिऱ्हाइकांना पाकिटावर छापून देऊ, ताई. घरच्यांनी गुणायचं."

"धन्य आहात!" असं म्हणून आत्यानं मला चोरून पाठ केलं. तिच्या तोंडी मी फार गोड वाटायचे, पण हे बाबांना कधी कळलं नाही.

गुणाकार बरोबर आला की नाही, हे तपासायला बाबांनी दचकूला दोन पहारेकरी दिले होते. पहिला नऊ. सगळे अंक मिळवायचे. बेरजेला नवानं भाग गेला पाहिजे. माझ्या अंकांची बेरीज छत्तीस, म्हणजे ठीक. दुसरा अकरा. एकाआड एक अंक घेऊन दोन बेरजा करायच्या. त्या सारख्या आल्या पाहिजेत, नाहीतर त्यांच्यातल्या फरकाला अकरानं भाग गेला पाहिजे. "नऊ फक्त माणसं मोजतो," बाबा म्हणायचे. "कोण कुठल्या खुर्चीवर बसलंय, ते अकरा बघतो." दचकूला नऊ आवडला, कारण तो सोपा होता. अकराच्या वेळी तिला जांभया यायच्या.

पण गुणाकार तिनं मनापासून आपलासा केला, फोनसाठी नव्हे, भीतीसाठी. ती जात्याच घाबरट. दार आपटलं की दचकायची, कुकरची शिट्टी झाली की दचकायची, मागून कुणी नावानं हाक मारली तरी दचकायची; म्हणूनच तिचं खरं नाव मागे पडलं. घाबरली की ती मनात अकरापासून गुणायला लागायची. बहुतेक वेळा चोवीस हजार चोवीसला पोचेपर्यंत भीती ओसरायची. परीक्षेचा निकाल असला तर तीन लाख साठ हजारापर्यंत जायची. माझ्यापर्यंत ती क्वचितच यायची. मला त्याचं वाईट वाटायचं नाही. माझ्याशी कमी भेटी होतायत म्हणजे पोरगी सुखात आहे, असं मी धरून चालायचे.

पुढे मोबाइल आले आणि मी अडगळीत गेले. हल्ली माणसांना स्वतःचा नंबरही बघून सांगावा लागतो. दुसऱ्याचा तर आठवायचा नसतोच, नावावर बोट ठेवायचं असतं. आत्या म्हणायला लागली, "काढून टाक रे तो काउंटरवरचा फोन. वाजत नाही, बोलत नाही. नुसती धूळ पुसून घेतो माझ्याकडून."

"राहू दे, ताई. तुझं-माझं तरी दुसरं काय चाललंय?"

"मी धूळ पुसून घेते का कुणाकडून?"

असं भांडत त्यांनी मला ठेवून घेतलं. महिन्यात कधीतरी एखादं जुनं गिऱ्हाईक फोन करायचं. मी समाधानात होते. संख्येला गर्दी लागत नाही. कुणीतरी एक जण आपल्यापर्यंत पोचू शकतो, एवढं पुरतं.

तर आता बसकडे वळते. ती एका उपाहारगृहापाशी थांबली आणि दचकू एका सँडलवर लंगडत उतरली.

तिचा मोबाइल घरी राहिला होता, वरच्या खोलीत चार्जिंगला लावलेला. आत्या मैत्रिणीकडे गेली होती, संध्याकाळी येणार होती. गल्ल्यावर एक जाडजूड, हसऱ्या मालकीणबाई बसल्या होत्या.

"मावशी, एक फोन करू द्याल का? फार तातडीचं आहे."

बाईंनी तिच्याकडे, मग तिच्या पायाकडे बघितलं. "घे की. रडायला का लागलीस? कुणी पळालंय का?"

"नाही, गोंद आहे."

"काय आहे?"

"गोंद. बाबा डोळ्यात घालतील."

बाईंनी आणखी काही न विचारता मोबाइल तिच्या हातात ठेवला.

दचकूनं पहिल्यांदा स्वतःचाच मोबाइल लावला, कारण तेवढा एक नंबर तिला पाठ होता. तो वाजत राहिला असणार, पण मुक्यानं. रिंग वाजली की ती दचकते, म्हणून तिनं फोनचा आवाजच कायमचा बंद केलेला. आत्याचा मोबाइल नंबर तिला येत नव्हता. बाबा मोबाइल वापरतच नाहीत.

"नेटवर दुकानाचं नाव टाक ना," मालकीणबाई म्हणाल्या.

"बाबांनी टाकू दिलं नाही. म्हणतात, ज्याला फोटो काढायचाय तो चालत येईल."

"भले!"

मग दचकूनं बसचं तिकीट उलटं केलं, बाईंचं पेन घेतलं आणि गुणायला लागली. एकशे बत्तीस. सतराशे सोळा. आकडे जागेवर पडत होते. चोवीस हजार चोवीस. आज तिथे भीती ओसरली नाही. तीन लाख साठ हजार तीनशे साठ. सत्तावन्न लाख पासष्ट हजार सातशे साठ. ये, ये, मी मनात म्हणत होते, एकच पायरी राहिलीय. ती सतरानं गुणायला लागली. शेवटची बेरीज उजवीकडून डावीकडे: शून्य, दोन, नऊ...

आणि बाहेर बसचा हॉर्न वाजला.

दचकूनं अशी उडी घेतली की पेन टेबलाखाली गेलं. पेन शोधून ती पुन्हा बेरजेला लागली, तर मधले दोन अंक मनात तयार होते, पण कागदावर अदलाबदल होऊन उतरले. सात आणि एक. मी आहे नऊ आठ शून्य एक सात नऊ दोन शून्य. तिकिटावर उमटली नऊ आठ शून्य सात एक नऊ दोन शून्य. म्हणजे मी नव्हेच, कुणी भलतीच.

तिनं अंक मिळवले. छत्तीस. नवानं भाग जातो. "बरोबर आहे," ती पुटपुटली, आणि शहराचा कोड लावून तिनं त्या भलतीलाच फोन केला.

"बोला, लॉन्ड्री!" पलीकडून एक पुरुष म्हणाला.

"बाबा आहेत?"

"कुणाचे?"

"माझे. डोळ्याचं औषध..."

"अहो बाई, इथे कपडे धुतात. डोळे नाही."

तिनं फोन ठेवला आणि पुन्हा तोच लावला. चुकीच्या नंबरवर माणसं दुसऱ्यांदा फोन का करतात, हे मला आजवर उमगलेलं नाही. जणू तेवढ्यात तिकडे दुसरं कुणी राहायला आलं असेल.

"बोला, लॉन्ड्री! पुन्हा तुम्हीच का? हे बघा, निळी चादर तुमची असेल तर घेऊन जा एकदाची."

मी एकाच वेळी दोन ठिकाणी असते. जिथे कुणी मला गुणून काढत असतं तिथे, आणि स्टुडिओच्या काउंटरवरच्या फोनमध्ये. तिकडे बाबा एका कुटुंबाचा फोटो काढत होते. आजोबा, आजी, दोन मुलगे, सुना, आणि मांडीवरून सारखं घसरणारं एक गुटगुटीत बाळ. बाळ खुळखुळ्याकडे बघायचं तेव्हा आजोबा शिंकायचे. आजोबा सावरायचे तेव्हा बाळ अंगठा तोंडात घालायचं. बाबा अगदी खुशीत होते. आणि पलीकडे टेबलावर, खुर्चीच्या हाताशी, ती पांढरी बाटली शांत उभी होती. माझ्याखेरीज तिच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं, आणि मला ना हात, ना तोंड.

इकडे कंडक्टर दारात येऊन ओरडला, "चला ताई, गाडी सुटतेय! सगळे बसले, तुमच्यामुळे थांबलोय!"

दचकूनं बसकडे बघितलं. ती बस म्हणजे तिची मुलाखत होती. या मुलाखतीसाठी ती किती रात्री धड झोपली नव्हती, ते मला माहीत आहे. तितक्या रात्री आम्ही भेटलो होतो. पुढची बस मिळाली तरी वेळेवर पोचणं शक्य नव्हतं. आणि बस चुकेल की काय, ही तर तिची लहानपणापासूनची भीती.

"जाऊ दे," ती म्हणाली.

"अहो, नंतर मला बोल लावाल!"

"नाही लावणार. जा तुम्ही."

बस गेली. मला वाटलं, आता ही कोसळणार. पण ती उलट शांत झाली. घाबरायचं होतं ते होऊन गेलं होतं, आणि त्या जागी एक रिकामी, स्वच्छ खोली झाली होती. तिनं तिकीट सरळ केलं आणि माझ्या त्या तोतयाकडे रोखून बघितलं.

"नऊ बरोबर म्हणतोय," ती हळूच म्हणाली. "पण नऊ तर फक्त माणसं मोजतो."

मालकीणबाईंनी विचारलं, "कोण नऊ? कुठली माणसं?"

"खुर्च्या बघायला पाहिजेत, मावशी."

"बस ना गं, खुर्च्या काय भरपूर आहेत!"

दचकूनं एकाआड एक अंक मिळवले. नऊ, शून्य, एक, दोन: बारा. मग उरलेले. आठ, सात, नऊ, शून्य: चोवीस. फरक बारा. बाराला अकरानं भाग जात नाही. म्हणजे माणसं तीच, पण कुणीतरी दुसऱ्याच्या खुर्चीवर बसलंय. तिनं शेवटची बेरीज पुन्हा उजवीकडून केली. शून्य. दोन. नऊ. सात. मग एक, हातचा एक. उजवीकडून सात आधी, मग एक! तिनं दोघांना आपापल्या जागी बसवलं आणि पुन्हा बेरजा केल्या. नऊ, शून्य, सात, दोन: अठरा. आठ, एक, नऊ, शून्य: अठरा.

दोन्हीकडे अठरा. मी तिच्यासमोर पुरती उभी होते. इतक्या वर्षांत इतक्या जवळून आम्ही कधी एकमेकींना बघितलं नव्हतं.

तिनं फोन लावला. स्टुडिओत मी खणखणले.

"फोन वाजतोय हो तुमचा," आजोबा म्हणाले.

"वाजू द्या. ग्रुप बसलेला असताना मी फोन घेत नाही," बाबा कॅमेऱ्यामागून म्हणाले. "एकदा पाठ फिरवली की माणसं विस्कटतात. आजोबा, हनुवटी जरा खाली. बाळाला वर घ्या. वर म्हणजे एवढं नाही!"

मी वाजून वाजून थांबले. दचकूनं पुन्हा लावला. मी पुन्हा वाजले. बाळ माझ्या आवाजाकडे वळलं, हसलं, आणि बाबांनी तेवढ्यात बटण दाबलं. "झालं! असा फोटो वर्षातून एखादा मिळतो," ते म्हणाले. मंडळी उठली, टोपडी-पिशव्या गोळा झाल्या, खुळखुळा हरवला, सापडला. मी थकून गप्प झाले. दार लागलं.

बाबा खुर्चीत बसले. चष्मा काढून त्यांनी टेबलावर ठेवला. मान मागे टाकली. हात लांब केला, तो बाटलीवर न चुकता पडला, आणि दुसऱ्या हातानं त्यांनी टोपण फिरवायला घेतलं.

"आता उचलतील. नाहीतर मी पुन्हा करेन. उचलेपर्यंत करेन," तिकडे दचकू मालकीणबाईंना सांगत होती, आणि तिचं बोट माझ्या अंकांवरून फिरत होतं. नऊ. आठ. शून्य. एक. सात.

वाचकहो, रिंग वाजायच्या आधी जो एक क्षण असतो, त्यात संख्येला बोलायला भरपूर सवड मिळते. म्हणून एवढंच सांगून निरोप घेते. तुमच्याही घरी एखादी लांबलचक, कुणी न आठवणारी संख्या पडून असेल. तिला थोडं जवळ घ्या. कशाकशानं भाग जातो ते बघा, तिच्या अंकांची बेरीज करा, तिच्या शेजारणींची चौकशी करा. आम्ही दिसतो तेवढ्या रुक्ष नसतो. माझ्यापुरतं म्हणाल तर मी सुखी आहे. माझ्यात सातशे अडुसष्ट जण राहतात, आणि एक मुलगी आज थेट माझ्या दारापर्यंत चालत आली.

नऊ. दोन. शून्य.

मी वाजले. आयुष्यात कधी वाजले नसेन इतकी वाजले.

"अरे देवा, आता कोण?" बाबा म्हणाले. टोपण निघालं होतं, बाटली हवेत, डोळ्याच्या वर. मी वाजत होते. त्यांनी मान सरळ केली, पापण्या उघडमीट केल्या आणि बाटली हातात तशीच धरून ते काउंटरपाशी आले. चष्म्याशिवाय त्यांना फोन धड दिसत नव्हता. त्यांनी रिसीव्हर उलटा धरला, मग सुलटा.

"हॅलो, स्टुडिओ. कोण बोलतंय? जरा लवकर बोला, डोळ्यात थेंब टाकायचे राहिलेत."